डाव्या बाजूला तडा

तरन्नुमचा डावा पाय उजव्यापेक्षा चार बोटं आखूड होता आणि बाजारातल्या एकाही सायकल कंपनीला हे माहीत नव्हतं. कंपन्या तीन मापं काढत. लहान, मध्यम, मोठं. तिन्ही मापांत माणसाला दोन सारखे पाय असतात, असं धरून चाललेलं.

म्हणून सायकल घरीच करायची, असं तिच्या बापानं, दस्तगीर सतारमेकरनं ठरवलं. मिरजेत त्याच्या घरी पाच पिढ्या सतारी होत आल्या होत्या. वाजवणाऱ्याची बोटं बघून दांडी करायची, मांडी बघून भोपळा निवडायचा, हे त्याच्या अंगात मुरलेलं. "मापावर साज करणं हा आपला धंदाच आहे," तो म्हणाला. "याला तारांच्या जागी चेन. एवढंच."

एवढंच नव्हतं. पण ते पुढं.

तरन्नुमला कळंबवाडीच्या शाळेत मराठी शिकवायची नेमणूक मिळाली होती. पहिलं वर्ष कच्चं. हजेरी फाटकावरचा कॅमेरा घेई आणि कोण उशिरा आलं ते परस्पर वर कळवून टाकी. गाव अकरा किलोमीटर लांब. बस बंद पडून चार वर्षं झालेली, कारण सगळ्यांकडे बॅटरीच्या गाड्या आल्या होत्या, आणि ज्यांच्याकडे आल्या नव्हत्या त्यांना सगळ्यांत कुणी धरत नव्हतं. मोबाइलवरनं बोलवायची गाडी एकट्या माणसासाठी खेड्याकडे फिरकत नसे. गावात खोली बघून झाली. तीन घरी विचारलं. आधी चहा मिळे, मग नाव विचारत, आणि नाव सांगितलं की खोली कालच गेलेली असे.

सायकल झाली तर नोकरी होती. नाहीतर तरन्नुम होती, तिची बीएडची पदवी होती आणि घराची ओसरी होती.

नळ्या जोडायला उत्तम खोत आला. दस्तगीरचा शाळेपासूनचा दोस्त, पलीकडच्या बोळात त्याचं वेल्डिंगचं दुकान. दस्तगीर प्रत्येक नळी उचलून नखानं टिचकी मारी आणि कानाशी धरी.

"सायकल करायलायस का सतार?" उत्तमनं विचारलं.

"आतनं कशी बोलतीय बघतोय."

"बोलली तर मला पण सांग. आमच्या घरात चार दिस कोण बोलंना झालंय."

"तू घरात तोंड उघडत असशील, म्हणून."

डाव्या पायडलाचा दांडा आखूड केला, पायडल जाड केलं. सीट केसभर डावीकडं कललेली. मागच्या चाकात मोटर. कायदा असा की पायडल मारलं तरच मोटरनं हात द्यायचा. नुसती मूठ पिळून गाडी पळाली की ती मोटारसायकल, मग तिला नंबर, पासिंग आणि घरी बांधायची बंदी. तरन्नुमला पायडल मारायचं चालणार होतं. थोडा जोर तिचा, बाकी मोटरचा.

आता बॅटरीविषयी सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथं पेंड खात होतं.

पूर्वी लोक भंगारातल्या लॅपटॉपचे सेल काढून घरी बॅटऱ्या बांधत. बॅटरी चार्ज होताना सेलच्या आत धातूचे बारीक काटे वाढतात. काटा पलीकडच्या थराला टेकला की आतल्या आत ठिणगी पडते आणि ती आग पाण्यानं विझत नाही. दस्तगीरच्या बोळाच्या तोंडाशी असंच एक घर जळालं होतं. आत बागवानांची सून आणि तिचं बाळ होतं. दस्तगीर बादल्या घेऊन धावला होता. त्या बादल्यांचा काही उपयोग झाला नव्हता. अशा आगी देशभर झाल्या, मोर्चे निघाले, आणि कायदा आला: यापुढं फक्त ऐकणारे सेल.

ऐकणारा सेल सोडियमचा, म्हणजे आपल्या मिठातलाच धातू. त्यात तांदळाच्या दाण्याएवढा एक स्फटिक बसवलेला असतो. सोनोग्राफीच्या यंत्रात असतो त्याच जातीचा. तो माणसाला ऐकू न येणारा आवाज सेलमधून सोडतो आणि परत आलेला ऐकतो. काटा उगवायच्या बेतात असतानाच त्याला कळतं, आणि सेल स्वतःला बंद करतो. आगी थांबल्या. खरोखर थांबल्या.

मग कुणाच्या तरी ध्यानात आलं, की या कानाला आतलं ऐकू येतं तसं बाहेरचंही येतं. गाडीची फ्रेम कुठं चिरली असेल तर चाकाच्या दर फेरीला तिथं सांधा उघडतो, मिटतो, आणि एक बारीक ठोका पडतो. मोठमोठ्या शहरांतल्या लाखो सायकली चालवून सेलला तो ठोका शिकवला. आता फ्रेममध्ये तडा ऐकू आला की बॅटरी तोंड मिटून घेते. पहिल्यांदा एका दिवसापुरती. दुसऱ्यांदाही एका दिवसापुरती. तिसऱ्यांदा आतली एक कुपी फुटते आणि सगळा सेल मिठाच्या विटेसारखा घट्ट होतो, कायमचा. मोडकी गाडी पुन्हा पुन्हा रस्त्यावर आणणाऱ्या माणसाला बॅटरी द्यायची कशाला, असा हिशेब. यात खोट कुठं काढायची? दस्तगीर स्वतः त्या मोर्चात चालला होता.

बॅटरी आली. तिच्याबरोबर बसवणीचे पंधरा दिवस आले. या दिवसांत तडा ऐकू आला तरी धरला जात नसे, बांधणाऱ्यानं गाडी चालवून बघावी, दुरुस्त करावी.

तरन्नुम पहिल्याच दिवशी ओढणी खोचून पुढं आली. "द्या. बघते."

"अजून झाली नाही."

"उभी तर आहे."

"उभी आहे म्हणजे झाली नाही. साज पुरा झाल्याशिवाय वाजवणाऱ्याच्या हातात जात नाही आपल्या घरात. तुला माहितीय."

तिला माहीत होतं. कच्च्या सतारीवर एकदा हात बसला की त्या कच्चेपणाची हाताला सवय लागते आणि मग चांगली सतारही त्याला परकी वाटते, असं या घरात मानत. मोठमोठे वाजवणारे ओसरीवर येऊन हात चोळत बसत, त्यांनाही मिळत नसे. लेकीला तरी का मिळावी?

पंधरा दिवस दस्तगीरनं सायकल स्वतः चालवली. गुडघे हॅंडलला लागत. डाव्या जाड पायडलावर तो टाच टेकवी आणि आखूड दांड्याशी जुळवून घेऊन दोन्ही पाय सारखे टाकी. लय त्याच्या रक्तातच होती. कुठं खडखड ऐकू आली की सायकल उलटी करून सांधा खोले, उत्तमला हाक मारी, पुन्हा जोडी. शेवटच्या दिवशी तो कळंबवाडीला जाऊन आला. बॅटरीचा हाल दाखवणाऱ्या हॅंडलवरच्या चौकोनात हिरवी खूण होती: सर्व ठीक.

मग त्यानं सायकल पुसली, हॅंडलला गजरा बांधला आणि लेकीच्या हातात दिली.

ती कालव्याच्या पुलापर्यंत गेली. तिथं मोटर गप्प झाली. चौकोन लाल. "फ्रेम : डाव्या बाजूला तडा." उत्तमनं आपल्या टेम्पोत सायकल टाकून तिला शाळेत पोचवलं. कॅमेऱ्यानं उशीर लिहून घेतला.

दस्तगीरनं सायकल ओसरीत टांगली. डावीकडचा एकेक सांधा टिचक्या मारून ऐकला. एका ठिकाणी आवाज किंचित बसका वाटला. तो सांधा कापायला त्यानं करवत घेतली.

"कापू नकोस," उत्तम म्हणाला. "माझी टाक हाय ती. हत्ती बसला तरी सुटायची न्हाई."

"मग तडा कुठाय?"

"त्या डबड्याला इचार."

"डबडं खोटं बोलत नाही. बागवानाच्या घरात असलं डबडं असतं तर?"

उत्तमनं मग जुना सांधा कापून नवा टाकला. दस्तगीर पुन्हा स्वतः कळंबवाडीला जाऊन आला. जाताना हिरवं, येताना हिरवं. त्यानं लेकीला सायकल दिली आणि या वेळी पाठोपाठ उत्तमच्या टेम्पोतून निघाला. कालव्याच्या अलीकडंच चौकोन लाल झाला. तीच अक्षरं. डाव्या बाजूला तडा. खाली बारीक ओळ: पुढील नोंद अंतिम.

तरन्नुम रस्त्याच्या कडेला एका पायावर भार देऊन उभी होती. तिनं सायकलकडं बघितलं नाही, बापाकडंही नाही. आपल्या डाव्या पायाकडं बघत होती.

"अब्बा," ती म्हणाली, "तुम्ही बसलात की तडा जातो कुठं?"

सांगलीच्या सेवा केंद्रात ऋजुता नावाची एक तरुण इंजिनियर होती. तिनं बॅटरीला वायर लावली आणि पडद्यावर दोन रेघा काढल्या. एक दस्तगीरची. तिच्यावर सारख्या उंचीचे उंचवटे, एकामागं एक. दुसरी तरन्नुमची. एक उंचवटा मोठा, पुढचा बुटका आणि जरा उशिरा आलेला. मग परत मोठा. परत बुटका, उशिरा.

"सेलला हे असं ऐकू येतं, की डावीकडची नळी चिरलीय आणि दर फेरीला उघडतेय," ऋजुता म्हणाली.

"नळी चिरलेली नाही," दस्तगीर म्हणाला.

"नाही काका. फ्रेम फार सुंदर आहे. मी इतकी चांगली घरगुती बांधणी पाहिली नाहीये."

"मग?"

ती अडखळली. "चालवण्याची जी पद्धत आहे ताईंची..."

"पाय म्हणा," तरन्नुम म्हणाली. "मला चालतं."

"हो. पाय."

"मग त्याला सांगा की हा पाय आहे. तडा नाही."

"ते बसवणीच्या दिवसांत सांगता आलं असतं," ऋजुता म्हणाली. "तेव्हा सेल चालवणाऱ्याची चाल शिकतो. जो बसेल त्याची. ताई पंधरा दिवस बसल्या असत्या, तर हीच चाल त्यानं सरळ म्हणून धरली असती. त्यानं तुमची धरली, काका. ती एकदाच धरता येते. पुन्हा पुसता आली, तर लोक त्याला मोडक्या गाडीची सवय लावतील."

दस्तगीर पडद्याकडं बघत राहिला. त्याच्या दोन पायांचे उंचवटे तिथं सरळ रांगेत उभे होते. पंधरा दिवस त्यानं जीव ओतून त्या बॅटरीला शिकवलं होतं की हे पाय बरोबर, आणि याहून वेगळं ते सगळं चूक.

"कुठं लिहिलं होतं हे?"

"अटींमध्ये. तुम्ही मान्य केल्यात."

"वाचून दाखवल्या असत्या कुणी, तर."

"कुणीच वाचत नाही काका. मीसुद्धा इथं लागल्यावर वाचल्या."

"दुसरी बॅटरी द्या. ही घ्या परत."

"दोन तडे नोंदलेत. त्या पत्त्यावर तीन वर्षं दुसरी मिळत नाही."

"कान बंद करा तिचा."

"कान बंद केला की सेलही बंद होतो. बनवलाच तसा आहे." ऋजुतानं पाण्याचा ग्लास पुढं केला. "विशेष चालक म्हणून अर्ज करता येतो. मी भरून देते. पण खोटं नाही सांगत, अशा अर्जाचा निकाल लागलेला मी अजून बघितला नाही."

पडद्याच्या कोपऱ्यात यंत्रानं आपणहून सल्ला दिला होता: वाहन सुस्थितीत आहे. चालक बदलून पाहा.

दस्तगीरला कुणाच्या तरी कानाखाली वाजवायची होती. समोर ही पोरगी होती, तिचे डोळे भरलेले. तिच्या मागं पडदा होता. पडद्याच्या मागं कुणीतरी असणारच, पण ते कुठल्या शहरात, कुठल्या देशात, आणि तिथं जाऊन तरी काय म्हणायचं? की तुम्ही लेकरं जळायची थांबवलीत, ते चुकलं?

टेम्पोत तो म्हणाला, "पहिल्याच दिवशी मागितली होतीस तू."

"हो."

"मी दिली नाही."

"नाही दिलीत," तरन्नुम म्हणाली. ती भांडली असती, तर त्याला बरं वाटलं असतं.

उत्तमनं आपल्या परीनं वाट काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो पिशवी घेऊन आला आणि ओसरीवर तोंड उघडून दाखवली. भंगारातले जुने सेल होते, बिनकानाचे. "गुपचूप बांधू. वरनं तुझ्या डबड्याचं खोकं घालू. कोण बघतंय?"

दस्तगीरनं पिशवीत हात घातला नाही. "ती चार्जिंगला लावणार कुठं? या ओसरीत. आत तिची आई झोपते."

"मग काय करणार?"

"माहीत नाही."

"आसं म्हणू नकोस रे. तू आसं म्हणाय लागलास तर मी कुठं जाऊ?" उत्तमनं पिशवी उचलली आणि तो दुकानाकडं गेला.

तोडगा शेवटी तरन्नुमनंच काढला. तोडगा कसला, तिनं शरणागती लिहून दिली आणि खाली आपलीच सही केली.

"तो तुमची चाल ओळखतो ना," ती बापाला म्हणाली. "मी तुमच्यासारखी चालवते."

बॅटरी काढून सायकल ओसरीत स्टँडवर चढवली. आधी दस्तगीर बसला, तिनं डोळे मिटून ऐकलं. मग ती बसली. दस्तगीर समोर पाटावर बसून एका रिकाम्या भोपळ्यावर बोटांनी ठेका धरी. उजवा, डावा. उजवा, डावा. तिचा डावा पाय उशिरा पडे, कारण खुब्यातून तो अर्ध्यावरच उचलला जाई. लहानपणी ताप आला होता, इंजेक्शन चुकलं होतं. तेव्हाही कुणाची चूक होती ते ठरलं नव्हतं. आता तो पाय वेळेत आणायचा, तर खुबा आवळून धरायचा आणि गुडघ्यानं हिसका द्यायचा. पोरगी हिसका देत राहिली. ओठ दातांत धरून, शाळेतनं आली की तास तास. रोज उत्तमच्या टेम्पोतून जात होती, आणि उत्तमची गिऱ्हाइकं दुकानासमोर ताटकळत होती, हेही तिला दिसत होतं.

"सावकाश," दस्तगीर म्हणे.

"ठेका सोडू नका," ती म्हणे.

पाऊण महिन्यानं बॅटरी बसवली. एकच संधी होती. दस्तगीर टेम्पोतून मागं मागं चालला होता, हात दरवाजावर, बोटं आपोआप ठेका धरत. कालव्याचा पूल आला. गेला. वडाचा चढ आला, मोटरनं हात दिला, सायकल वर चढली. कळंबवाडीच्या फाटकापाशी ती थांबली तेव्हा चौकोन हिरवा होता. कॅमेऱ्यानं तिचा चेहरा घेतला आणि वेळेवर म्हणून लिहिलं.

उत्तमनं टेम्पोचा हॉर्न दोनदा वाजवला. त्याला वाटलं जिंकलो.

पंधरवडा गेला, महिना गेला. कळंबवाडीची माणसं म्हणू लागली की बाई आता झकास सायकल चालवायला लागल्या, पायात काही आहे असं कळतसुद्धा नाही. शाळेच्या मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. जिद्द असावी तर अशी, वगैरे. जिद्दीचं कौतुक करायला काही लागत नाही.

घरी आल्यावर तरन्नुमची आई, जैबुन, तिच्या गुडघ्यावर मिठाचा शेक देई. गुडघा पावासारखा फुगलेला असे. डॉक्टरांनी फोटो काढला आणि कूर्चा झिजत चाललीय, तिला चिरा पडल्यात, हे आधी थांबवा, असं सांगितलं. किती दिवसांत थांबवा? लगेच. नाही थांबवलं तर? डॉक्टरांनी काठीचं नाव काढलं, मग ऑपरेशनचं.

"नोकरी पक्की होईपर्यंत," तरन्नुम म्हणाली.

"तोवर पाय राहील का?" जैबुननं विचारलं. मग ती नवऱ्याकडं वळली. "तुम्ही सांगा की. तुमच्या तालावर नाचतेय ती."

दस्तगीरनं सांगितलं. सोड म्हणाला. मी आहे, सतारी आहेत, दोन वेळचं सुटेल. तरन्नुमनं सगळं ऐकून घेतलं.

"ओसरीत बसून काय करू?" तिनं विचारलं. "तुम्ही सांगाल ते करते. सांगा."

लाख गोष्टी दस्तगीरला हातानं करता येत होत्या, आणि त्यातली एकही या प्रश्नावर चालणारी नव्हती. ऋजुतानं भरून दिलेल्या विशेष चालकाच्या अर्जाचं काय झालं, ते रोज सकाळी तो मोबाइल उघडून बघे. विचाराधीन.

सोमवारी शाळेत तपासणी होती. रविवारी सकाळी तरन्नुमनं सायकल स्टँडवर चढवली. चौकोन काय म्हणतो ते बघायचं, म्हणून बॅटरी या वेळी काढली नाही. "दोन दिवस डावा हुकतोय असं वाटतंय," ती म्हणाली. "काल पुलावर चौकोन एकदा पिवळा झाला. बसा ना समोर."

दस्तगीर पाटावर बसला. तिनं पायडल मारायला सुरुवात केली. चेन नीट फिरत होती, सांधे गप्प होते, फ्रेममध्ये कुठं काही नव्हतं. तो आयुष्यभर बारीक आवाजांवर जगला होता, आणि त्या चेनच्या सुराखाली त्याला दुसरं काहीतरी ऐकू आलं. डावा पाय वर आला की आत हाडाशी हाड घासल्याची, कोरड्या लाकडावर कानस फिरावी तशी खरखर. पाय खाली जाई, खरखर थांबे. पाय वर येई.

हॅंडलवर चौकोन हिरवा होता. सर्व ठीक.

"काय झालं?" तरन्नुमनं विचारलं. तिच्या कपाळावर घाम होता. "उशिरा पडतोय ना? खरं सांगा."

"नाही," दस्तगीर म्हणाला. "बरोबर पडतोय."

"मग ठेका द्या."

त्यानं भोपळा मांडीवर घेतला आणि बोट टेकवलं. उजवा. डावा.